मामाच्या गोगलगायी घरी कशा आल्या

आमच्या मामाचं बोलणं उभ्याउभ्या ऐकून होत नाही, त्यासाठी बसायला खुर्ची लागते. "म्हणजे कसंय," म्हणून तो सुरू करतो. मग "म्हणजे अगदी तसंच नाही, पण," म्हणून मागे येतो. मग चष्मा काढतो, शर्टाच्या टोकानं पुसतो, उजेडाकडे धरून बघतो. तोवर समोरच्यानं आपल्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच देऊन निरोप घेतलेला असतो. फोनवर तर लोकांना वाटतं लाइन कट झाली. ते ठेवून देतात, आणि मामा पलीकडे कुणी नसताना वाक्य पूर्ण करतो.

अशा माणसानं विद्यापीठात संशोधनाला गोगलगायी घेतल्या, तेव्हा नातेवाइकांना आयतंच कोलीत मिळालं. जी भेटेल ती काकू हनुवटीला बोट लावून म्हणायची, "अगदी शोभतो हो विषय." आणि पाठ वळली की दुसरीच्या कानात, "गोगलगाय नि पोटात पाय." मामाच्या पोटात पाय वगैरे काही नव्हते. असलाच तर गोळा होता, आणि तो मुदतीचा होता. प्रबंध द्यायची मुदत त्याला वाढवून, पुन्हा वाढवून, शेवटची म्हणून आणखी एकदा वाढवून मिळाली होती. एवढ्यात झालं नाही तर नाव कमी, आणि सगळी वर्षं पाण्यात.

आई आणि मी आजोबांच्याच घरात राहतो, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. डोळ्यांपेक्षा कानांसमोर म्हणायला हवं, कारण आमच्या घरात बघण्यासारखं फार नाही. ऐकण्यासारखं मात्र पुष्कळ आहे.

आजोबा म्हणजे मामाचे आणि आईचे वडील. सारी नोकरी त्यांनी बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली. निवृत्त झाले ते फक्त पगारापुरते. सकाळी बाथरूमसमोर आम्ही घुटमळत असलो की मागून आवाज येतो, "पुढे सरका, मध्ये जागा आहे." जेवायला बसलं की सगळ्यांच्या ताटांवरून नजर फिरवत, "कोण राहिलं? बोला, कोण राहिलं?" भाजी राहिलेला माणूस हात वर करतो. बोलणं सगळं घंटीसारखं, एक टोला थांबा, दोन टोले निघा. नोकरीतली त्यांची एकच बढाई, पण ती आम्ही इतक्यांदा ऐकलीय की आता चालीवर म्हणता येईल. त्यांच्या गाडीतून कुणी चुकीच्या स्टॉपला उतरलं नाही. झोपलेल्याला ते उठवायचे, नवख्याला दोन स्टॉप आधीपासून सांगत यायचे. एकदा एक म्हातारी भलत्याच गाडीत चढली, तर ड्युटी संपल्यावर दुसऱ्या गाडीनं तिला तिच्या दारापर्यंत सोडून आले. "माणूस आपल्या जागी पोचला पाहिजे," एवढं म्हणून बढाई संपते.

त्यांचा स्वतःचा मुलगा मात्र कुठल्या स्टॉपला उतरणार हे त्यांना कधी समजलंच नाही. शेजारी विचारायचे, मुलगा काय करतो? आजोबा म्हणायचे, "युनिव्हर्सिटीत असतो." एखादा आजारी माणूस इस्पितळात असतो, तसं. बापलेकांचं बोलणं म्हणाल तर "पाणी आलं का" आणि "पंखा बंद कर" यांच्या पलीकडे जात नव्हतं. भांडण नव्हतं. बोलायला विषयच नव्हता.

मामाचा विषय ऐकायला सोपा होता. बागेतली गोगलगाय उचलून लांब नेऊन ठेवली, तर ती आपल्या जागी परत येते का? हा प्रश्न त्याच्या गाइड मॅडमनी त्याला दिला. मॅडम प्रत्येक वाक्य "असं बघ" नं सुरू करतात आणि "बरोबर?" नं संपवतात, आणि उत्तराला थांबत नाहीत. त्या म्हणाल्या होत्या, "असं बघ, गोगलगाय घर पाठीवर घेऊन फिरते म्हणून सगळं जग कौतुक करतं. मग तिला परत यायला कुठलं घर लागतं? बरोबर?" मामाला त्या दिवशी रात्रभर झोप आली नाही, असं तो सांगतो. त्याला आनंद झाला की भीती वाटली, ते त्यालाही माहीत नाही.

विद्यापीठाच्या बागेत हा प्रयोग जमेना, कारण तिथले माळी गोगलगायी दिसल्या की औषध टाकायचे. म्हणून मामानं आमचं मागचं अंगण घेतलं. नळाच्या खाली ओलसर कोपरा होता, तिथे एक टोळी. लिंबाच्या मोठ्या कुंडीखाली दुसरी. पायरीच्या भेगेत तिसरी. कोण कुठली हे कळावं म्हणून शंखावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. ती नेलपॉलिश आईची. नळाच्या गुलाबी, लिंबाच्या मरून, पायरीच्या चॉकलेटी. आई म्हणाली, माझ्या लग्नातही इतक्या जणींना एका वेळी नेलपॉलिश लागली नव्हती.

संध्याकाळी मामा त्यांना उचलून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा, काहींना भिंतीपलीकडच्या रिकाम्या जागेत. सकाळी चहा झाला की मोजणी. पहिल्या सकाळी तो आत आला तो मान खाली घालून. समोरचं ताट तसंच ठेवलं. आजोबांनी विचारलं, "काय झालं?"

"परत आल्या नाहीत."

"एकही?"

"एकही."

झालं, एवढंच बोलणं. पण आमच्या घरात बापलेकांच्या मानानं ते भाषणच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा अंगणातून धावत आला. मामा धावतो हे आम्हाला नवीन होतं. गुलाबी नळाखाली, मरून कुंडीखाली, सगळ्या आपापल्या घरी. भिंतीपलीकडच्यासुद्धा. त्यानं दोनदा जेवण मागितलं. आजोबा पेपर खाली करून म्हणाले, "येणारच. घर कोण विसरतं?"

मग रोज सकाळी हेच. आजोबा विचारणार, "आल्या का?" मामा सांगणार, "आल्या." आणि दोघंही अशा काही तोऱ्यात चहा पिणार की जणू दोघांनी मिळून पूल बांधलाय. मामानं अंतर वाढवलं. रिकाम्या जागेच्या टोकाला, मग रस्त्यापलीकडच्या शाळेच्या कुंपणाशी. त्या येतच राहिल्या. मामाचं बोलणंही बदललं. "म्हणजे कसंय" कमी झालं. एकदा तर गोगलगायी शिंगांनी वास कसा घेतात हे तो आजोबांना समजावत होता, सलग, चष्मा नाकावर ठेवून. आजोबा ऐकत होते आणि मध्येच "अस्सं" म्हणत होते. आईनं स्वयंपाकघरातून मला खूण केली की आत येऊ नकोस, चालू दे.

डिपार्टमेंटात संशोधकांची एक खोली आहे. मोडक्या खुर्च्या, एक हीटर, कान तुटलेले कप. तिथे एक नियम आहे, "तुझं कधी संपणार?" हे कुणी कुणाला विचारायचं नाही. विचारलं तर विचारणाऱ्यानं सगळ्यांना चहा करून द्यायचा. मामाच्या शेजारी बसणारा गांडुळवाला, म्हणजे गांडुळांवर काम करणारा त्याचा मित्र, आमच्याकडे यायचा आणि सांगायचा की त्या खोलीत सगळ्यांत जास्त चहा मामाच्या नावावर झालाय. आता तोच मामा आपणहून सांगत सुटला होता. मॅडमही खूश होत्या. त्यातून एक नवलच निघालं. पायरीच्या चॉकलेटी गोगलगायी कधीकधी पायरीत न येता लिंबाच्या कुंडीखाली सापडायच्या, आणि मरून पायरीत. मामानं यावर विचार केला आणि एक अख्खं प्रकरण उभं केलं. म्हणे या प्राण्याला नुसतं घर नाही, शेजारही आहे. दमलेली गोगलगाय ओळखीच्या शेजाऱ्याकडे मुक्काम करते. मॅडम म्हणाल्या, "असं बघ, हे कुणीच म्हटलेलं नाही. बरोबर?" तरुण संशोधकांची मोठी स्पर्धा होती, तिच्यासाठी मामाचं यावरचं व्याख्यान निवडलं गेलं. पारितोषिक मिळालं असतं तर प्रबंधाची काळजीच मिटली असती.

याच सुमाराला आजोबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा, आणि डॉक्टरांची सक्त ताकीद, वाकायचं नाही.

आणि गोगलगायी यायच्या थांबल्या.

जवळ ठेवलेल्यांतल्या थोड्या यायच्या. भिंतीपलीकडून एकही नाही. मामानं हवा बघितली, ओल बघितली, कोबीची पानं बदलली, नेलपॉलिशच्या वासानं काही होतंय का म्हणून आईकडून जुनी बाटली मागून घेतली. पुन्हा ताट तसंच राहू लागलं. आजोबा मागच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि चुळबुळ करायचे, गाडी सुटायची वेळ झाली आणि ड्रायव्हर आला नाही, तसे.

एका सकाळी मी पायरीवर दात घासत होते. मामा नळावर हात धूत होता. आजोबांच्या पट्टीच्या बाजूला तो होता, म्हणून त्यांना दिसला नाही. आई कपडे वाळत घालायला आली, तर आजोबा तिला हळूच म्हणाले, "अगं, तेवढ्या भिंतीपलीकडच्या आणून ठेव ना. मला वाकायला बंदी आहे. बिचाऱ्या कधीच्या ताटकळल्या असतील."

"कोण?" आई म्हणाली.

"त्याच्या गोगलगायी. गुलाबी नळाखाली ठेव. मरून आणि चॉकलेटी कुठल्या कुठे ते जरा बघून ठेव बाई. मला ऑपरेशनआधी ते दोन रंग सारखेच दिसायचे."

आईच्या हातातला कपडा हातातच राहिला. मामानं नळ बंद केला नाही. पाणी नुसतं वाहत होतं.

"बाबा," तो म्हणाला, "कधीपासून?"

आजोबा दचकले, पण पुढच्याच क्षणी त्यांचं तोंड खुललं. लपवून आणलेली भेटवस्तू वेळेआधी सापडली की माणूस हसतो, तसं ते हसले. "पहिल्या दिवसापासून. तू जेवला नव्हतास ना. पहिल्या गाडीच्या वेळेला मला जाग येतेच. बॅटरी घ्यायची आणि जायचं."

मामानं नळ बंद केला आणि विचारलं, "चहा घेता ना?"

त्या दिवशी गांडुळवाला आला आणि दार लावून दोघं आत बसले. आमच्या घरातलं दार लावलं तरी ऐकू येतंच. गांडुळवाला म्हणत होता की स्पर्धा तोंडावर आहे, व्याख्यान छापून गेलंय, आणि तुझ्या वडिलांची बॅटरी तिथे कुणाला दिसणार आहे? मला वाटलं मामा चष्मा पुसत असेल. मग तो म्हणाला, "मला दिसतेय ना."

मॅडमच्या खोलीत काय झालं ते नंतर गांडुळवाल्यानंच सांगितलं. मामानं सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "असं बघ," आणि पुढे काहीच बोलल्या नाहीत. मॅडमचं वाक्य अर्धवट राहिलेलं डिपार्टमेंटात कुणी ऐकलं नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, वडिलांना सांगितलंस का? नाही म्हणाला. का नाही?

"म्हणजे कसंय मॅडम," मामा म्हणाला, "आम्ही आत्ताच कुठे बोलायला लागलोय."

यावर मॅडमनी खिडकी उघडली, बंद केली, आणि मग पाणी सोडलेल्या नळासारख्या सुरू झाल्या. व्याख्यान मागे घ्यायचं. शेजाराचं प्रकरण काढून टाकायचं. मुदतीत बसेल एवढाच प्रयोग पुन्हा करायचा, छोटा पण खरा. आणि वडिलांना सांगायचं, नाहीतर डोळा बरा झाला की ते पुन्हा आणतील. बरोबर?

बरोबर होतं, पण सांगायचं कसं? मामा आजोबांच्या खुर्चीपाशी जायचा, "म्हणजे कसंय बाबा," म्हणायचा, आणि आजोबा काळ्या चष्म्यातून इतक्या उत्सुकतेनं वर बघायचे की तो पंखा बंद करून परत यायचा. असं कितीतरी वेळा झालं. पंखा बंद करून करून त्यानं आजोबांना घामाघूम केलं.

शेवटी एका दुपारी तो त्यांच्या समोर जमिनीवर बसला.

"बाबा, समजा तुम्हाला बघायचंय, की एखादा नवखा माणूस एकटा आपल्या स्टॉपला बरोबर उतरतो का. आणि तुम्हीच त्याला हाताला धरून उतरवलंत. तर कळेल का?"

आजोबांनी विचार केला. "नाही कळणार," ते म्हणाले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "म्हणजे तुझं सगळं...?"

"हो."

"माझ्यामुळे?"

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"मी विचारायला हवं होतं."

"मी सांगायला हवं होतं," मामा म्हणाला. "इतकी वर्षं मी काय करतो, ते मी कधी सांगितलंच नाही."

त्यानंतर आजोबा गप्प झाले. बाथरूमसमोर बेबंदशाही माजली. जेवताना कोण राहिलं हे कुणी विचारेना, आणि माझी भाजी खरंच राहून गेली. आई मामाला म्हणाली, त्यांना ओरडला असतास तर बरं झालं असतं, ओरडणं त्यांना समजतं.

डोळ्याची पट्टी निघाली आणि मामानं नवा प्रयोग मांडला. आईनं सुचवलं की मागच्या दाराला कुलूप घालू, किल्ली मी ठेवते. मामानं मान हलवली. "कुलूप नको," तो म्हणाला, आणि आत गेला.

पहाटे मला खुर्ची सरकवल्याचा आवाज आला म्हणून मी डोकावले. आजोबा मागच्या दारात बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. शाळेत मुलांना शिक्षा म्हणून बसवतात तसे. रोज पहाटे ते असेच बसू लागले. एके पहाटे नळापासून वीतभरावर पोचलेली एक गुलाबी गोगलगाय तिथेच थबकली, शिंगं हलवली, आणि उलटी फिरली. आजोबांचं अंग अख्खं पुढे झुकलं. "अगं इकडे," ते पुटपुटले, "इकडे, इकडे, कुठे चाललीस." हात मांड्यांखालीच. मामा उठून आला तेव्हा त्यांनी घाईघाईनं विचारलं, "बोललेलं चालतं का?"

"चालतं. त्यांना ऐकू येत नाही."

"नक्की?"

"नक्की, बाबा."

मग काय, दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणात घोषणा सुरू झाल्या. "पुढचा स्टॉप नळ. नळवाले तयार राहा. लिंबाची कुंडी, लिंबाची कुंडी. घाई करू नका, जागेवरून उठू नका." शेजारच्यांनी भिंतीवरून बघितलं आणि काही न विचारता खाली गेले. त्या दिवशी जेवताना आजोबांनी सगळ्यांच्या ताटांवरून नजर फिरवली. "कोण राहिलं?" ते म्हणाले. आम्ही सगळ्यांनी हात वर केले.

निकाल काही दणदणीत नव्हता. जवळ ठेवलेल्या बऱ्याच परत आल्या. भिंतीपलीकडून थोड्या. रस्त्यापलीकडून कुणीही नाही. शेजाऱ्याकडे मुक्कामाला कुणी गेलं नाही. प्रबंध बारीक झाला, पण मुदतीच्या आत गेला. पहिला प्रयोग का टाकून दिला, तेही मॅडमच्या हट्टामुळे मामानं त्यात लिहिलं.

मग आली तोंडी परीक्षा. ती सगळ्यांना खुली असते, कुणीही जाऊन बसावं. आम्ही पहिल्या रांगेत होतो. आजोबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तिकिटं तपासायला आल्यासारखे सगळ्यांकडे बघत होते. बाहेरगावचे परीक्षक एकेक शब्द चावून बोलणारे. मामानं बोर्डासमोर उभं राहून सांगितलं, अडखळत, पण सांगितलं. परीक्षकांनी प्रबंधाची पानं मागे उलटली.

"मला एक सांगा. पहिल्या वेळी, तुम्ही लिहिता, घरातल्या एका ज्येष्ठ व्यक्तीच्या मदतीमुळे निरीक्षणं निकामी झाली. दुसऱ्या वेळी ही व्यक्ती कुठे होती? पुन्हा मदत झाली नाही, याची खात्री काय?"

मामा म्हणाला, "म्हणजे कसंय." आणि त्यानं चष्मा काढला. मॅडमनी डोळे मिटले. गांडुळवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मामा काच पुसतोय, पुसतोय.

माझ्या शेजारची खुर्ची वाजली. आजोबा उभे राहिले होते.

"ती व्यक्ती इथंच आहे, साहेब," ते म्हणाले. "दुसऱ्या वेळी मी दारात बसून होतो. हात लावला नाही. एक तर नळापासून वीतभरावरून उलटी फिरली. माझ्या डोळ्यांदेखत. बघत बसलो. नाही लावला."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. परीक्षकांनी आजोबांकडे बघितलं, मग प्रबंध मिटला. "आणि ती पोचली का शेवटी?" त्यांनी विचारलं. या वेळी शब्द चावले नव्हते. खरंच माहीत करून घ्यायचं होतं त्यांना.

आजोबांना उत्तर माहीत होतं. रोज पहाटे तेच तर बघत होते. पण ते खाली बसले आणि त्यांनी बोर्डाकडे हात केला. "ते त्याला विचारा. त्याचा विषय आहे."

मामानं चष्मा घातला.

"नाही पोचली, सर," तो म्हणाला. आणि का पोचली नाही, ते सांगायला लागला. सांगत गेला, सांगत गेला, एकदाही मागे आला नाही. आजोबा हात मांड्यांखाली दाबून ऐकत होते.